बकरीच्या मागे अकरा सेकंद

परतूरकर सरांनी माझ्या कामावर पहिल्याच दिवशी रुमाल टाकला. अगदी खराखुरा रुमाल. मी पुण्याहून हैदराबादला नोकरीसाठी आले होते आणि सोबत दीड मिनिटाची फिल्म आणली होती. संगणकावर केलेली एक मुलगी खिडकीत बसून रडते, एवढीच गोष्ट. तिच्या पापणीचा एकेक केस मी जीव ओतून बसवला होता आणि कॉलेजात सगळ्यांनी पाठ थोपटली होती. सरांनी ती उभ्याउभ्या पाहिली, खिशातून पांढरा रुमाल काढला, झटकला आणि मॉनिटरवर, बरोबर तिच्या तोंडावर, लटकवला.

"मढ्याचं तोंड झाकावं," ते म्हणाले. "आता सांग अम्मा, कशानं गेली ही?"

सगळं डिपार्टमेंट हसलं. मीही हसले, कारण हसले नसते तर रडले असते. त्या माणसासमोर रडणं किती महागात पडतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आमचा स्टुडिओ हिमायतनगरला, साड्यांच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. परदेशी कंपन्यांच्या कार्टून फिल्म्सचं काम तिथे चाले. गोष्ट त्यांची, प्राणी त्यांचे, ते हलवायचे आम्ही. सर आमचे मुख्य. घराणं मूळचं मराठवाड्यातलं, पण पणजोबा निजामाच्या नोकरीत इकडे आले ते इथलेच झाले, त्यामुळे सरांच्या बोलण्यात मराठवाडा आणि हैदराबादी उर्दू एका ताटात जेवत. साठीला टेकलेले, बुटके, पांढरा बुशशर्ट. चेहऱ्यावर वाचायला काही म्हणजे काही नाही. दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर दिवसभर नजर ठेवणाऱ्या या माणसानं स्वतःचा चेहरा मात्र कधी कुणाच्या हाती लागू दिला नाही.

त्यांचा एकच कायदा होता: माणूस करायचा नाही. फिल्ममध्ये माणूस आलाच तर त्याचे पाय दाखवा, पाठ दाखवा, टोपी दाखवा. तोंड नाही. का, म्हणून मी दुसऱ्या दिवशी विचारलं. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्याच.

"लेकरू जन्मल्यापासून काय बघायलंय?" सर म्हणाले. "आईचं तोंड. त्यात जरा खोट असली तर दूध पिता पिता कळतं त्याला. माणसाच्या तोंडाचा जो तो परीक्षक आहे. तू पापण्या मोजून बसव, तो म्हणणारच, कुछ तो गडबड है. आता कोंबडी घे. कोंबडी दुःखात कशी दिसते?"

"माहीत नाही, सर."

"कुणालाच माहीत नाही! म्हणून तिथं तुझी चोरी पकडणारा कुणी नाही. तू नुसती तिची मान खाली घाल. बाकीचं दुःख बघणारा आपल्या घरून घेऊन येतो."

मग त्यांनी मला काम दिलं. एक खलबत्ता. बत्ता हरवलाय, खल एकटा ओट्यावर बसलाय. डोळे नाहीत, तोंड नाही, हात नाहीत. त्याला दुःख झालेलं दिसलं पाहिजे. मी पहिल्या आठवड्यात खलाला थरथरायला लावलं, दुसऱ्या आठवड्यात उड्या मारायला लावल्या, आणि दोन्ही वेळा सर एकच शब्द बोलले: "पूस." तिसऱ्या आठवड्यात माझ्या तोंडाला फेस आला. शेवटी मी त्या खलाला काहीच करायला लावलं नाही. फक्त, बत्ता ज्या बाजूला टेकून उभा राहायचा, त्या बाजूला तो एकदा हळूच कलतो आणि परत सरळ होतो.

सरांनी ते पुन्हा एकदा लावून पाहिलं. मग म्हणाले, "ठेव."

त्यांच्याकडे शेरे दोनच होते, ठेव आणि पूस. 'छान', 'वा', 'बरं जमलंय' असले शब्द त्यांच्या दुकानात मिळत नसत. 'ठेव'साठी माणसं महिनोन्महिने तडफडत. मीही तडफडले. मला त्यांचा राग यायचा, आणि खोटं कशाला बोलू, मला त्यांच्यासारखं व्हायचं होतं.

दर शनिवारी सकाळी अकराला छाटणी असे. हे नाव सरांचंच. छोट्या अंधाऱ्या खोलीत आठवड्याचे शॉट पडद्यावर लागत. कुणाचा शॉट कुठला, हे सांगायचं नाही. प्रत्येकानं एक खोट काढायचीच, स्तुती करायची नाही, आणि ज्याचा शॉट असेल त्यानं शेवटपर्यंत तोंड उघडायचं नाही. तिघांनी एकच खोट काढली तर शॉट गेला. मग करणाऱ्यानं उठायचं, सगळ्यांच्या देखत कीबोर्डशी बसायचं आणि ती फाइल स्वतःच्या हातानं पुसायची. सर विचारत, "नक्कल आहे का?" असली तर तीही पुसायची. आमच्या नसीरचं अकरा दिवस खपून केलेलं गाढव असं गेलं, तेही त्याच्या निकाहच्या आदल्या शनिवारी. नसीर बाहेर येऊन म्हणाला, "इनो दिल की जगह पत्थर रखे हैं." पण पुढचं गाढव त्यानं असं केलं की बघत राहावं. सरांचं म्हणणं दर वेळी खरं ठरायचं, आणि त्यामुळे त्यांच्या विरुद्ध बोलायला आम्हाला तोंडच उरत नसे.

प्रणीताची गोष्ट मात्र मी सहसा कुणाला सांगत नाही. प्रणीता वरंगलची, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची, डब्यातली अर्धी पुलिहोरा, म्हणजे त्यांच्याकडचा चिंचेचा भात, मला द्यायची. तिच्याकडे एका करडाचा शॉट होता. करडाची आई विकली जाते आणि ते गाडीमागे बघत उभं राहतं. त्याच महिन्यात तिचे वडील दवाखान्यात होते. ती सकाळी इथे, दुपारी तिथे असं करत होती. शनिवारी शॉट लागला आणि तिघांनी एकच खोट काढली की करडाचे डोळे रडतात, करडू रडत नाही. त्या तिघांत मी होते. प्रणीता उठली, कीबोर्डशी बसली, फाइल पुसली आणि तिथेच तिला रडू फुटलं.

"कुणी हलू नका," सर म्हणाले. त्यांनी दिवा लावला, वही काढली, तिच्या खुर्चीसमोर उकिडवे बसले आणि तिला काढायला लागले. "बघा सगळे. आधी खालचा ओठ हलला. डोळे नंतर. तुम्ही सगळे डोळ्यांपासून सुरू करता, म्हणून मार खाता." प्रणीतानं तोंड ओंजळीत लपवलं. तिचे हात त्यांनी अलगद, अगदी हळुवारपणे बाजूला केले. "अम्मा, बंद नक्को करू. दोन मिनटं."

आम्ही बघत होतो. एकही जण उठला नाही. पुढच्या आठवड्यात तिनं नोकरी सोडली, आणि तो शॉट माझ्याकडे आला. प्रणीताचा ओठ मी करडाला लावला. परदेशातून कौतुकाचं पत्र आलं की हे पिल्लू बघून आमच्याकडची माणसं रडली. सर म्हणाले, "ठेव." माझा तो दुसरा 'ठेव'.

सरांच्या घरी मी एकदाच गेले, तारनाक्याला. रविवारी त्यांना स्टुडिओतली एक हार्ड डिस्क हवी होती, ती पोचवायला. दार उषाताईंनी उघडलं. सरांच्या बायको रेल्वेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, अंगानं भरलेल्या आणि दोन्ही गुडघे गेलेल्या. डावा पाय जरा बाहेर फेकायच्या, उजव्या हाताच्या दोन बोटांनी निऱ्या उचलून धरायच्या. मला ओढून जेवायलाच बसवलं. खट्टी दाल, भात आणि अंबाडीची चटणी. घरात टीव्हीशेजारी, पुस्तकांच्या कपाटात, सगळीकडे सरांच्या हार्ड डिस्क रचलेल्या. त्यांत मोंडा मार्केटच्या कोंबड्या, बकरीदच्या आधीच्या बकऱ्या, नळावर रांगेत लावलेल्या बादल्या, असं तीस वर्षांचं चित्रण होतं.

"शेजारची बकरी केली यांनी," उषाताई वाढता वाढता म्हणाल्या. "नळावरची बादली केली. दूधवाल्याची सायकल केली. बत्तीस वर्षांत मला मात्र कधी केलं नाही, बघ."

"माणसं जमत नाहीत," सर ताटात बघून म्हणाले.

"जमत नाहीत की बघत नाहीत?"

मला हसू आलं. सर म्हणाले, "भात वाढ."

जेवल्यावर सर कुठंतरी निघून गेले आणि उषाताईंनाही बाजारात जायचं होतं, म्हणून त्या माझ्याबरोबरच निघाल्या. दाराला कुलूप घातलं, तीन पावलं चालल्या आणि थांबल्या. आधी खांदा वळला, मग मान. कुलूप लागलंय ना, ते बघितलं आणि माझ्याकडे बघून ओशाळं हसल्या. "रोजचंच आहे ग. पाठीमागून हे ओरडतात, चल चल म्हणून."

पुढच्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि उषाताई आठ दिवसांत गेल्या. सर पंधराव्या दिवशी कामावर आले. नसीर हात पुढे करून म्हणाला, "अल्ला सब्र दे, सर." सरांनी तो हात उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "सांत्वन करताना तुझा अंगठा आत जातो. हे कुठंतरी वापर." आम्हाला वाटलं, हा माणूस लाकडाचा आहे.

महिन्याभरानं एका दुपारी ते माझ्या खुर्चीपाशी आले. माझ्या डब्यातली पोळी बघत म्हणाले, "माझ्यापाशी उषाचे अकरा सेकंद आहेत."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. घरातली एकूण एक डिस्क त्यांनी बघून काढली होती. तीस वर्षांच्या कोंबड्या, बकऱ्या, बादल्या. त्यात बायको एकदाच सापडली. शेजारची बकरी टिपत असताना मागून ती गेटकडे चालत गेली होती, किल्ल्या हातात घेऊन. चाल सगळी आली होती, थांबणं आलं होतं, वळणंही आलं होतं.

"आणि चेहरा, सर?"

"बकरीच्या शिंगाआड."

फोटो होते म्हणे. लग्नातला एक, आधार कार्डाचा एक, आणि भाच्याच्या मुंजीतले, ज्यांत ती पंगतीला वाढताना खाली बघत होती. "हसलेली एकात पण नाही," सर म्हणाले. "ती हसायची. म्हणजे मला याद आहे, हसायची." आणि ते गेले. मी पोळी खाल्ली. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण 'जमत नाहीत की बघत नाहीत' हेही त्याच वेळी आठवलं आणि पोळी गोड लागली.

त्यानंतर सरांचा मॉनिटर भिंतीकडे वळला. सहा-सात महिने ते जेवायच्या सुट्टीत तिथेच बसत, आणि कुणी जवळ गेलं की पडदा काळा करत. आम्ही तेव्हा एका शेतावरच्या फिल्मचं काम करत होतो. त्यात एक म्हातारी कोंबडी होती, तिची चाल काही केल्या कुणाला जमत नव्हती. आम्हाला वाटलं, सर तिच्यावर काम करताहेत.

मग एका शनिवारी छाटणीत, गाढवं आणि बदकं संपल्यावर, पडद्यावर एक बाई आली.

माणूस. तोंडासकट. साठीची बाई घराचं दार लावते, निऱ्या उचलते, चालते. एक, दोन, तीन पावलं. थांबते. खांदा वळतो, मग मान. कुलूप बघते, आणि मग आपल्याकडे बघून हसते.

तिसऱ्या पावलाला मला कळलं. सर सोडले तर खोलीत मीच एकटी होते जिनं उषाताईंना चालताना पाहिलं होतं.

 नसीर म्हणाला, "सर, इंसान तो मना है ना?"

"मना क्या है वो मत बोल," सर अंधारातून म्हणाले. "खोट बोल."

"चेहरा, सर. हँस री, पर डर लग रा."

"पुढं."

नसीरच्या शेजारी सीनू होता. "चेहराच सर. बाकी ओके."

दोन झाले. तिसरी मी. मला काहीही सांगता आलं असतं. पायरीची सावली चुकली म्हटलं असतं, किल्ल्या वाजत नाहीत म्हटलं असतं, तर तो शॉट वाचला असता आणि त्या माणसाला त्याची बायको, जशी जमली तशी, घरी नेता आली असती. मी पुन्हा त्या तोंडाकडे पाहिलं. सरांचं बरोबर होतं, माणूस जमत नाही. सगळं होतं, सुरकुत्या, कुंकू, कपाळावर आलेली बट. पण ओठ हसत होते आणि बाकीचा चेहरा त्यांची वाट बघत होता. मला प्रणीताचे तोंडावरून बाजूला केलेले हात आठवले. पण तेवढ्यावर ढकलून मी सुटणार नाही. त्या क्षणी मला अचूक असायचं होतं, आणि ते सरांना दिसायला हवं होतं.

"डोळ्यांत कुणी नाही, सर," मी म्हणाले. "मढं आहे. रुमाल टाका."

कुणीतरी फिस्सकन हसलं. कुणाचा शॉट आहे ते त्यांना माहीत नव्हतं. सर उठले. कीबोर्डपाशी जाऊन बसले, तेव्हा ते हसणं मध्येच तुटलं.

"चालीला कुणी काही बोललं?" त्यांनी विचारलं.

कुणी बोललं नव्हतं.

"मग चाल राहील." त्यांनी चेहऱ्याची फाइल उघडली. उषाताई एकदा मोठ्या होऊन पडद्यावर आल्या, हसत. सरांनी बोट बटणावर ठेवलं आणि थांबले.   ते वाट बघत होते.

"विचारा ना," ते म्हणाले. "कायदा आहे."

 मीच विचारलं. "नक्कल आहे का, सर?"

"नाही."

आणि त्यांनी पुसली. पडद्यावर चेहरा नसलेली बाई तीन पावलं चालून थांबली, खांदा वळवला. दार उघडून बाहेर जाताना सर माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "ठेव." माझ्या वाक्याला. माझा तो तिसरा आणि शेवटचा.

ती चाल त्यांनी म्हाताऱ्या कोंबडीला लावली. निऱ्या उचलायचा हात पंख झाला, एवढाच फरक. खुराड्यातून निघायचं, तीन पावलं, थांबायचं, वळून बघायचं. मग सरांनी राजीनामा दिला. छाटणी आता मी घेते. रुमालही आहे.

त्यांना शेवटचं पाहिलं ते सिकंदराबादला, फिल्मच्या खेळाला. स्टुडिओनं आम्हा सगळ्यांना घरच्यांसकट बोलावलं होतं, थिएटर पोरांनी भरलं होतं. सर पुढे कडेला एकटेच बसले होते. कोंबडी आली. तीन पावलं चालली, थांबली, खांदा, मान. आणि सगळं थिएटर खदखदून हसलं. ती पुन्हा आली तेव्हा तिसऱ्या पावलाआधीच पोरं ओरडायला लागली, "अब देखती! अब देखती!" आणि ती वळली की टाळ्या. मी सरांकडे बघत होते. ते पडद्याकडे बघत नव्हते. मागे वळून, हसणाऱ्या पोरांची तोंडं बघत होते.

मध्यंतरात बाहेर सीनूची सहा वर्षांची भाची कोंबडी होऊन चालत होती. फ्रॉक दोन बोटांनी उचलून, ढुंगण हलवत, आणि भोवती हशा. सर गर्दीतून पुढे आले.

"ऐसा नै," ते म्हणाले. "पैले कंधा. बाद में गर्दन. फिर से."

मुलीला मजा वाटली. तिनं पुन्हा केलं.

"फिर से. पाव बाहर फेंक. तीन पे रुक."

चौथ्या वेळेला तिचं हसू गेलं. सहाव्या वेळेला ती आईला शोधायला लागली. सर तिच्यासमोर उकिडवे बसले होते, तिचा खांदा धरून वळवत होते. "ऐसा नै, बेटा. उनो ऐसा नै करते थे. फिर से." हशा थांबला होता. मी चार हातांवर उभी होते. मी पुढे होऊन त्यांना उठवू शकले असते. मी बघत राहिले. मुलीचा आधी खालचा ओठ हलला, डोळे नंतर.

"क्या सर, बच्ची है," म्हणत सीनूच्या बहिणीनं तिला ओढलं आणि दाराकडे घेऊन निघाली. एक, दोन, तीन पावलं. तिथे मुलगी थांबली. तो म्हातारा मागे येतोय का, ते बघायला तिचा आधी खांदा वळला, मग मान.

सर तसेच उकिडवे बसले होते. "ठेव," ते म्हणाले. मुलगी तोवर आत गेली होती.